रांगिआतेआ : मधोमध खांब असलेले चर्च

इंग्लंडच्या खेड्यापाड्यांत आजही उभी असलेली जुनी दगडी चर्चे बहुतांशी अकराव्या ते पंधराव्या शतकांत घडत गेली. त्याच कालखंडात, साधारणपणे तेराव्या शतकात, पूर्व पॉलिनेशियातील बेटांवरून निघालेल्या होड्या न्यूझीलंडच्या किनाऱ्याला लागल्या आणि या भूमीवर माणसाची वस्ती सुरू झाली. साहजिकच या देशात मध्ययुगीन चर्च नाही. आहेत ती त्या चर्चांची नातवंडे-पतवंडे, दगडाऐवजी लाकडात उभी राहिलेली आणि दोनशे वर्षांहूनही लहान. वाटेत दिसणाऱ्या अशा पांढऱ्या लाकडी चर्चांपुढून आपण सारेच अनेकदा गेलो आहोत. या वेळच्या लेखासाठी आम्ही त्यांतील एकाची निवड केली आहे. वेलिंग्टनच्या उत्तरेस सुमारे ७५ किलोमीटरवर, कापिटी किनाऱ्यावरील ओटाकी या गावातील रांगिआतेआ. परधर्माची वास्तू आपण का पाहावी, असे कुणी विचारील. एखाद्या समाजाने नवा धर्म स्वीकारला म्हणजे नेमके काय केले, हा प्रश्न आपल्याला परका नाही, आणि ओटाकीच्या लोकांनी त्याचे उत्तर लाकडात लिहून ठेवले आहे.

वास्तू वाचायची तर आधी तिची लिपी ठाऊक हवी. इंग्रजी खेड्यातील चर्चचे दोन मुख्य भाग असतात. पश्चिमेकडचा लांबट मंडप लोकांचा आणि पूर्वेकडचा, वेदीचा भाग धर्मगुरूंचा. मध्ययुगात या दोहोंच्या मध्ये कोरीव लाकडी जाळीची आडभिंत असे आणि तिच्या पलीकडे सामान्य माणसाला सहसा प्रवेश नसे. डागडुजीचा खर्चही याच रेषेवर वाटलेला होता. वेदीकडचा भाग राखायचा धर्मगुरूने किंवा ज्याला त्या गावचा धर्मकर मिळे त्याने, आणि मंडप राखायचा गावकऱ्यांनी. धर्मकर म्हणजे पिकाचा व पशुधनाचा दहावा हिस्सा. तो दिल्यावर वर मंडपाचे छप्परही गावानेच शाकारायचे, आणि त्यासाठी गावकरी चर्चच्या नावे मेजवानी भरवून बिअर विकत. धर्मकार्यासाठी मद्यविक्री ही कल्पना आपल्या मंडळींना गमतीची वाटेल, परंतु त्या पैशांतून कित्येक गावांचे मनोरे उभे राहिले आहेत.

दाराजवळ बाप्तिस्म्याचे दगडी कुंड असते, कारण धर्मात येणारा बाळजीव दारातून येतो. भिंतींवर एके काळी अंतिम न्यायाची रंगीत चित्रे असत. सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेच्या लाटेत त्यांतील बहुतेकांवर चुना फासला गेला. बसण्याच्या जागांचा इतिहास तर विशेष लक्ष देण्याजोगा आहे. आरंभी मंडपात बाकेच नव्हती, लोक उभे राहत किंवा गुडघे टेकत. पुढे बाके आली आणि सतराव्या-अठराव्या शतकांत दाराच्या चौकटी असलेली, घराण्याघराण्यांनी अडवून ठेवलेली बाके आली. कुणी कुठे बसायचे हे प्रतिष्ठेवर ठरू लागले, कित्येक ठिकाणी बाकांचे भाडे घेतले जाई, आणि गरिबाच्या वाट्याला मागची कडेची जागा राही. एकोणिसाव्या शतकात बाके सर्वांना मोकळी करावीत म्हणून तेथे रीतसर चळवळ करावी लागली. काही चर्चांच्या भिंतीत खालच्या बाजूस एक छोटी खिडकी असते. कुष्ठरोग्यांनी बाहेर उभे राहून तिच्यातून वेदी पाहावी म्हणून ती ठेवली, असे गावोगाव सांगतात. अभ्यासकांना ही कथा मान्य नाही. तरीही लोकांना ती इतकी सहज खरी वाटते, हे आम्हांस त्या खिडकीपेक्षा अधिक बोलके वाटते.

हा नमुना घेऊन इंग्रज न्यूझीलंडला आले. आज उभ्या असलेल्या चर्चांपैकी येथील सर्वांत जुने बे ऑफ आयलंड्समधील रसेल येथे आहे. ते १८३५-३६ मध्ये वर्गणीतून बांधले गेले आणि वर्गणीदारांत बीगल जहाजावरून आलेला तरुण चार्ल्स डार्विनही होता. त्याच्या फळ्यांवर १८४५ च्या लढाईतील बंदुकीच्या गोळ्यांची भोके अजून दाखवतात. ते पाहण्यासारखे आहेच, परंतु ते मुख्यतः येथे येऊन राहिलेल्या गोऱ्यांचे चर्च आहे. ओटाकीचे चर्च माओरींनी स्वतःसाठी बांधले. तेथे धर्म पोहोचला तोही पाद्र्याच्या आधी, एका पुस्तकातून आणि एका दासाच्या तोंडून.

ती हकिकत सविस्तर सांगायला हवी. १८३० च्या दशकात वाइकातो प्रदेशातील मातामाता येथे मिशनरी शाळा होती. न्गाकुकु नावाच्या माओरी प्रमुखाची तारोरे ही बारा वर्षांच्या आसपासची मुलगी तेथे वाचायला शिकली. लूककृत शुभवर्तमानाची माओरी भाषेत छापलेली छोटी प्रत तिच्याजवळ असे आणि ती इतरांना वाचून दाखवी. १८३६ च्या ऑक्टोबरात युद्धाच्या भीतीने ही मंडळी तौरांगाकडे निघाली असता वाइरेरे धबधब्याजवळ त्यांचा मुक्काम पडला. रोटोरुआकडून आलेल्या टोळीने रात्री छापा घातला. त्यात तारोरे मारली गेली आणि तिच्या उशाखालचे पुस्तक लुटीत गेले. सूड हा त्या समाजाचा रिवाज होता. न्गाकुकुने मुलीच्या दफनाच्या वेळी सूड घेण्यास नकार दिला.

पुस्तक नेणारा उइता निरक्षर होता. त्याला ते पुस्तक वाचून दाखवणारा भेटला तो रिपाहाऊ. त्याचे दुसरे नाव माताहाऊ. हा मूळचा न्गाती राउकावा या टोळीचा. उत्तरेच्या न्गापुही टोळीने त्याला युद्धकैदी करून दास म्हणून नेले होते. माओरी समाजात युद्धात पकडलेल्याची प्रतिष्ठा संपत असे. तो जिवंत असला तरी त्याच्या नावाला किंमत उरत नसे, आणि सुटून आपल्या माणसांत परतला तरी तो कलंक सहसा पुसला जात नसे. उत्तरेत असताना पाइहिया येथील मिशनमध्ये हा दास वाचायला-लिहायला शिकला. मुक्त झाल्यावर तो दक्षिणेकडे आपल्या लोकांत ओटाकीला आला, तेव्हा साऱ्या किनाऱ्यावर नाव असलेल्या ते राउपराहा या सेनानायकाचा मुलगा तामिहाना आणि पुतण्याच्या नात्याचा मातेने ते फिफी हे दोघे त्याच्यापाशी शिकायला बसले. वाचायला पुस्तके पुरेनात म्हणून रोटोरुआहून मागवली गेली. त्यांत एक जुनी प्रत आली आणि तिच्यावर नाव होते न्गाकुकुचे. तारोरेच्या उशाखालचे तेच पुस्तक होते.

प्रमुखांच्या मुलांनी दासापुढे विद्यार्थी म्हणून बसावे, ही गोष्ट त्या समाजरचनेत किती मोठी होती हे आपल्या वाचकांना वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. न्यूझीलंडमधील ख्रिस्ती धर्माचा इतिहास लिहिताना मिशनऱ्यांची नावे ठळक येतात. आमच्या मते त्यांच्या आधी या मुक्त झालेल्या दासांची नावे यायला हवीत. उत्तरेकडील युद्धांत पकडलेली माणसे मिशनच्या आवारात अक्षरे शिकली आणि सुटका होताच ती विद्या घेऊन गावोगाव परतली. मिशनरी पोहोचायच्या कितीतरी आधी दूरच्या खेड्यांत लोक वाचत होते, याचे कारण हेच. अक्षर हाती आले की खालच्या पायरीवरचा माणूस गुरूच्या जागी बसतो, याचा हा एक निखळ दाखला आहे.

त्या दोघा विद्यार्थ्यांनी पुढे काय केले तेही पाहावे. १८३९ मध्ये ते जहाजाने बे ऑफ आयलंड्सला गेले आणि आमच्याकडे शिक्षक पाठवा म्हणून आग्रह धरून बसले. ऑक्टेव्हियस हॅडफील्ड नावाचा दम्याने जर्जर झालेला तरुण पाद्री जायला तयार झाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस कापिटी किनाऱ्यावर आला. तामिहाना नंतर इंग्लंडला जाऊन राणी व्हिक्टोरियाला भेटून आला आणि त्याने आपल्या वडिलांचे चरित्र माओरी भाषेत लिहून ठेवले. १८५३ मध्ये हेच दोघे माओरींना आपला एक राजा हवा म्हणून टोळीटोळींत फिरले, आणि त्यातून पुढे किंगितांगा ही राजसत्तेची चळवळ उभी राहिली.

आता ते राउपराहाविषयी. आपली मुले ऑल ब्लॅक्स संघाचा जो हाका तोंडपाठ म्हणतात, त्या ‘का माते’चा कर्ता तो हाच. १८२० च्या दशकाच्या सुरुवातीस तो आपल्या न्गाती तोआ टोळीसह पश्चिम किनाऱ्यावरील काफियाहून दक्षिणेकडे सरकला, मागून न्गाती राउकावाची मंडळी आली, आणि येथे आधीपासून राहणाऱ्या मुआउपोको, रांगिताने इत्यादी टोळ्यांना त्यांनी शस्त्रांच्या बळावर मागे रेटले. या चर्चचे कौतुक करताना ही बाजू झाकून ठेवणे बरे नव्हे. पुढे त्याच्यावरही बळाचा प्रयोग झाला. १८४६ च्या जुलैत गव्हर्नर ग्रे याने पहाटेच्या वेळी सैनिक पाठवून त्याला पकडले आणि कोणताही खटला न चालवता सुमारे दीड वर्ष अटकेत ठेवले. १८४८ च्या आरंभी तो ओटाकीला परतला, तो मोठे चर्च बांधायचे असे म्हणतच. हे त्याने भक्तीने केले की गेलेली प्रतिष्ठा परत मिळवण्यासाठी, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हांस त्या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध वाटत नाहीत. अपमानित होऊन परतलेल्या वृद्ध नेत्याने आपल्या माणसांना एका कामाला लावले, एवढे निश्चित.

काम मोठेच होते. तोतारा हा येथील जंगलातला सरळसोट, उंच वाढणारा वृक्ष. त्याचे लाकूड टिकाऊ, आणि माओरींच्या युद्धनौका त्याच्याच असत. ओटाकीच्या उत्तरेकडील ओहाऊ आणि वाइकावा या नद्यांच्या परिसरातून तोताराचे प्रचंड ओंडके तोडून नदीने समुद्रात आणि समुद्रातून किनाऱ्याकिनाऱ्याने ओटाकीला आणले गेले. आढ्याचा मुख्य वासा एकाच झाडाचा, सुमारे २६ मीटर लांबीचा. त्याला तोलून धरणारे तीन खांब प्रत्येकी सुमारे १२ मीटर उंचीचे. यंत्राचे साहाय्य नव्हते. दोर, ओंडक्यांच्या लाटा, टेकू आणि माणसांचे खांदे एवढीच सामग्री होती. हॅडफील्ड या काळात बहुतेक वेळ वेलिंग्टनला अंथरुणाला खिळलेला होता आणि ओटाकीत सॅम्युएल विल्यम्स हा तरुण पाद्री देखरेख करी. ते राउपराहा २७ नोव्हेंबर १८४९ रोजी वारला. चर्च पुरे झाले १८५१ मध्ये.

बाहेरून पाहणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. उतरते छप्पर, आडव्या फळ्यांच्या पांढऱ्या भिंती, उंच निमुळत्या टोकाच्या अरुंद खिडक्या. तेराव्या शतकातील इंग्रजी खेड्यातल्या खिडक्यांचीच ही लाकडी आठवण आहे. आत पाऊल टाकल्यावर मात्र ते इंग्रजी चर्च राहत नाही. इंग्रजी चर्चमध्ये खांब असतात ते दोन्ही कडांना, आणि मधली वाट दारापासून वेदीपर्यंत मोकळी असते. रांगिआतेआत खांब आहेत ते बरोबर मध्यरेषेवर, आढ्याच्या खाली, एकामागे एक. ही माओरी सभागृहाची, म्हणजे फारेनुईची रचना आहे. फारेनुई हे पूर्वजाचे शरीर मानतात. आढे हा त्याचा कणा आणि वासे त्याच्या बरगड्या. पूर्वजाच्या पोटात बसूनच वंशजांनी बोलायचे, भांडायचे, रडायचे आणि निर्णय घ्यायचे. ओटाकीच्या कारागिरांनी नव्या देवासाठी घर बांधताना कणा तसाच ठेवला. तीन खांब म्हणजे ख्रिस्ती त्रैक्य आणि त्यांवरचे एकसंध आढे म्हणजे एकच देव, असा अर्थ पुढे सांगितला गेला. पाद्र्याला तो पटला असेल. बांधणाऱ्यांना आढ्याखाली खांब कशासाठी असतात हे त्याआधीच ठाऊक होते.

वाशांवर लाल-काळ्या-पांढऱ्या रंगांत कोफाइफाइ म्हणजे वळणावळणाची रंगवलेली वेलपट्टी आहे. तिच्यातला आकार मांगोपारेचा, म्हणजे हातोड्यासारख्या डोक्याच्या शार्क माशाचा. जाळ्यात सापडला तरी शेवटपर्यंत झुंजणारा म्हणून तो माओरींना सामर्थ्याची खूण वाटतो. दोन वाशांमधल्या भिंतीवर तुकुतुकु म्हणजे काड्यांच्या चौकटीवर विणलेल्या जाळ्या आहेत. माओरी सभागृहात अशा जाळ्यांवर नाना नमुने असतात. येथे सबंध चर्चभर एकच नमुना आहे, पुरापुरा फेतू, अर्थात ताऱ्यांचे बी. ठिपक्याठिपक्यांच्या या एकाच विणीने साऱ्या भिंती भरून गेल्या आहेत. पूर्वजांच्या डोळे वटारलेल्या, जीभ काढलेल्या मूर्ती मात्र मंडपात नाहीत. त्या काळच्या मिशनऱ्यांना असल्या मानवी आकृती चर्चमध्ये खपत नसत. गिझबोर्नजवळील मानुतुके येथे तर या मुद्द्यावरून कारागीर आणि पाद्री यांच्यात उघड वाद झाला होता. ओटाकीत आकृती गेल्या आणि विणकाम व रंग राहिले. मूर्तीवाचून उरलेले हे मौन आमच्यासारख्यांना विशेष भावते, हे कबूल करतो, जरी त्याचे कारण आपल्या कारणांहून अगदी वेगळे असले तरी.

चार्ल्स डेसिमस बॅरॉड या चित्रकाराने चर्च नवे असताना काढलेले आतील दृश्य शिळाछापाच्या रूपात उपलब्ध आहे. त्यात लोक बाकांवर नव्हे, जमिनीवर बसलेले दिसतात. इंग्लंडात बाकांच्या भाड्यावरून चळवळ चालू होती त्याच वर्षांत येथे सारा मंडप एका पातळीवर बसला होता. यावरून माओरी समाजात उच्चनीच नव्हते असा निष्कर्ष कुणी काढू नये. रिपाहाऊची कथा वर आलीच आहे. पण जी विषमता होती ती निदान लाकडाच्या चौकटींत ठोकून पक्की केलेली नव्हती.

वेदीखालची गोष्ट सर्वांत जुनी. रांगिआतेआ हे नाव माओरींच्या मूळ भूमीतील, म्हणजे हवाइकीतील एका पवित्र स्थानाचे. ताहितीजवळचे राइआतेआ बेट ते हेच, असे मानले जाते. ताइनुई या नौकेतून येताना पूर्वजांनी तेथील पवित्र वेदीची माती सोबत आणली होती, आणि ती या चर्चच्या वेदीखाली पुरली आहे, अशी परंपरा आहे. माओरी भाषेत एक प्रसिद्ध म्हण आहे. तिच्यात बोलणारा स्वतःला रांगिआतेआहून पेरलेले बी म्हणवतो आणि म्हणून आपण कधी नाहीसे होणार नाही असे सांगतो. भिंतींवरचे ताऱ्यांचे बी आणि वेदीखालची माती एकमेकींशी बोलतात ते असे. दीक्षाभूमीवरून परतताना चिमूटभर माती रुमालात बांधून आणलेल्या घरांना हे निराळे उलगडून सांगायला नको.

येथे कार्ल्याच्या चैत्यगृहाची आठवण होणे अपरिहार्य आहे. तेथेही लांबट मंडप, दोन्ही कडांना खांबांच्या रांगा आणि टोकाला अर्धवर्तुळ. वेदीच्या जागी स्तूप. एकोणिसाव्या शतकातील युरोपीय अभ्यासकांना ते पाहून आपल्या चर्चचीच आठवण झाली होती. कार्ल्याला ३७ खांब आहेत, आणि शेवटचे सात स्तूपाच्या मागून वळतात, त्यामुळे प्रदक्षिणा घालणाऱ्याला वाट मिळते. कोणी कोणता खांब दिला हे खांबांवरच कोरलेले आहे. दात्यांत धेनुकाकटचे यवन आहेत, आणि त्याच लेण्याच्या लेखांत गंधी आणि सुतारही आहेत. राजाच्या खजिन्याची वाट न पाहता धंदेवाल्या माणसांनी एकेक खांब उचलला. कातळात खोदलेल्या त्या छताला सागवानी लाकडाच्या कमानी बसवलेल्या आहेत. छताला त्यांच्या आधाराची गरज मुळीच नव्हती. लाकडी घरात बसण्याची सवय असलेल्या माणसांनी दगडातही आपले घर ओळखीचे करून घेतले. ओटाकीच्या कारागिरांनी मधले खांब ठेवले त्यामागची भावना आम्हांस तीच वाटते.

आता कटू भाग. चर्च म्हणजे वास्तू आणि चर्च म्हणजे संस्था यांत अंतर असते. १८४८ मध्ये न्गाती तोआ टोळीने पोरिरुआजवळील फितिरेइआ येथील सुमारे ५०० एकर जमीन आपल्या मुलांसाठी विद्यालय काढावे म्हणून चर्चला देऊ केली. १८५० मध्ये सरकारने ती बिशपच्या नावे करून दिली. विद्यालय निघाले नाही. वर्षे गेली. शेवटी वि पाराता या माओरी नेत्याने जमीन परत मिळावी म्हणून दावा लावला. तो संसदेचा सदस्य राहिलेला, कायदा जाणणारा माणूस होता. प्रतिवादी होता वेलिंग्टनचा बिशप, आणि त्या पदावर तेव्हा होता ऑक्टेव्हियस हॅडफील्ड. तामिहाना आणि ते फिफी ज्याला मागून घेऊन आले तोच. हा माणूस सामान्य नव्हता. १८६० मध्ये सरकारने तारानाकीत वाइतारा येथील जमीन बळजबरीने घेतली तेव्हा बहुतेक सारा गोरा समाज विरुद्ध असताना त्याने माओरींची बाजू छापून मांडली होती आणि शिव्याशाप सोसले होते. तरीही १८७७ च्या त्या खटल्यात तो संस्थेच्या बाजूला उभा होता.

मुख्य न्यायाधीश जेम्स प्रेंडरगास्ट यांनी दावा फेटाळला, आणि फेटाळताना १८४० चा वाइतांगी करार कायद्याच्या दृष्टीने शून्य आहे असे लिहिले. कारण काय, तर माओरी हे असंस्कृत लोक असून करार करण्याइतकी राज्यव्यवस्था वा कायदा त्यांच्यापाशी नव्हता. शाळेसाठी दिलेल्या जमिनीच्या वादातून निघालेल्या या वाक्याने पुढे कित्येक दशके माओरींच्या जमिनीच्या दाव्यांची वाट अडवली. एखाद्या समाजाला कायदाच नव्हता असे न्यायासनावरून ठरवून टाकणे, ही पद्धत ज्यांच्या पूर्वजांनी धर्मशास्त्राच्या नावाखाली अनुभवली आहे त्यांनी हा निकाल मुळातून वाचावा, अशी आमची विनंती आहे.

अशा वेळी लोक चर्च सोडून जातात. ओटाकीचे लोक गेले नाहीत, पण संस्थेवर विसंबूनही राहिले नाहीत. १९३६ मध्ये चर्चच्या जवळच राउकावा सभागृह उभे राहिले, आणि त्यात चर्चमध्ये ज्यांना जागा मिळाली नव्हती त्या कोरीव पूर्वजांना जागा मिळाली. १९७५ मध्ये येथील तीन टोळ्यांनी मिळून पुढच्या पंचवीस वर्षांची एक योजना आखली. न्गाती राउकावा, न्गाती तोआ आणि ते आतिआवा या त्या टोळ्या. योजनेचे नाव फाकातुपुरांगा रुआ मानो, म्हणजे दोन हजार सालची पिढी. तिच्यामागे फातारांगी विनिआता हे अर्थ-लेखाशास्त्राचे प्राध्यापक होते. पाहणीत असे आढळले की तिशीखालील एकालाही माओरी बोलता येत नव्हते. ज्या गावी एका दासाने पुस्तक उघडून लोकांना आपली भाषा वाचायला शिकवली, त्या गावी सव्वाशे-दीडशे वर्षांत भाषाच संपत आली होती. त्या योजनेतून १९८१ मध्ये ते वानांगा ओ राउकावा हे विद्यापीठ ओटाकीतच उभे राहिले. फितिरेइआला जे विद्यालय निघाले नाही, ते शेवटी असे त्यांनी स्वतःच काढले. घरी मराठी न बोलणारी आपली मुले डोळ्यांपुढे ठेवून या दोन तारखांमधील अंतर मोजावे.

७ ऑक्टोबर १९९५ रोजी रांगिआतेआ जळाले. आग लावली गेली होती. १४४ वर्षांचे कोरडे तोतारा लाकूड, पेटायला वेळ लागला नाही. आढे, खांब, वासे, विणलेल्या जाळ्या, सारे गेले. त्यानंतर लोकांपुढे खरा प्रश्न उभा राहिला. बांधायचे की नाही, आणि बांधायचे तर काय बांधायचे. जुन्याची हुबेहूब नक्कल ही खरी वास्तू ठरते का, हा वाद जगभर वास्तुशास्त्रज्ञ घालीत असतात. इंग्लंडमधील दगडी चर्चचे बरेचसे मोल त्याच्या झिजलेल्या पायऱ्यांत असते. ती पायरी नवी बसवली की काहीतरी हरवते. माओरी विचारात घर हे पूर्वजाचे शरीर असले तरी त्याचे प्राण लाकडाच्या वयात नसतात. ज्या हातांना ते पुन्हा घडवता येते त्यांत ते असतात. ओटाकीच्या लोकांनी त्याच जागी, त्याच मापाचे, मधोमध खांब असलेले चर्च पुन्हा बांधायचे ठरवले. रंगपट्ट्या पुन्हा रंगवल्या, तुकुतुकु पुन्हा विणले, आणि ते शिकण्यात एक नवी पिढी त्या कामात तयार झाली. नोव्हेंबर २००३ मध्ये नवे रांगिआतेआ खुले झाले. वेदीखालची माती त्याच जागी होती.

आम्ही स्वतः या पुनर्बांधणीच्या बाजूचे आहोत. आपल्याकडे भग्न विहार भग्न अवस्थेतच जपण्याची शिस्त आहे आणि लेण्यांच्या बाबतीत ती योग्यच आहे. पण जेथे समाज अजून रोज येऊन बसतो तेथे राख जपून ठेवण्यात अर्थ नाही.

ओटाकीला जाणाऱ्या कुटुंबांसाठी थोडे. हे चालते-बोलते चर्च आहे. तेथे प्रार्थना, विवाह आणि अंत्यविधी होतात, म्हणून जाण्याआधी चौकशी करून जावे. आत छायाचित्र काढण्याआधी विचारावे. रस्त्याच्या पलीकडे ते राउपराहाचे स्मारक आहे. तो चर्चच्या आवारात पुरला गेला आणि नंतर रातोरात त्याच्या अस्थी कापिटी बेटावर नेल्या गेल्या, असे तेथे सांगतात. आकाश निरभ्र असेल तर ते बेट किनाऱ्यावरून स्पष्ट दिसते. मुलांना आत नेल्यावर आधी भिंती दाखवू नयेत. दारातच उभे करून वेदी दिसते का ते विचारावे. मधला खांब आड येतो, आणि वेदी पाहायला प्रत्येकाला थोडे बाजूला सरकावे लागते.